कापून आलेला रिफंड

"आई, विमानच रद्द झालं गं. साथ पसरलीय, कंपनी तरी काय करणार!" फोनवर मुलगा हळहळत होता. आई त्याच्या उशीला नवा अभ्रा चढवत ऐकत होती. पोरगा दोन वर्षांनी येणार म्हणून तिनंच तीन महिने आधी पेन्शनमधून तिकीट काढलं होतं. रिफंड सकाळीच तिच्या खात्यात आला होता, चाळीस टक्के कापून. तिची उभी हयात विमान कंपनीच्या तिकीटखिडकीमागे गेली होती. कंपनीनं रद्द केलं तर पैसे पूर्ण मिळतात, प्रवाशानं स्वतःहून रद्द केलं तरच कापून येतात, हे तिनं हजारोंना घसा कोरडा करून सांगितलं होतं. "पैसे मिळाले ना गं?" त्यानं विचारलं. "मिळाले," अर्धा चढलेला अभ्रा काढत ती म्हणाली. "पुढच्या वेळी तिकीट तुझ्या पैशानं काढ. म्हणजे रद्द कुणी केलं, ते मला कळायचं नाही."