चतुराबाईचा दम

निजामाच्या अमलातली गोष्ट. मेंढरांमागं बालाघाटाची चढण चढताना सिरसाळ्याच्या बिभीषणाची छाती भात्यासारखी हलायची. डोक्यावर बिऱ्हाडाचं गाठोडं घेऊन चालणाऱ्या चतुराबाईचा श्वासही वाढलेला नसायचा. पण चारचौघांत नवऱ्याला कमीपणा नको, म्हणून तीच मधे खाली बसायची.

"जरा थांबा, मला लई दम लागलाय."

सोबतचे मेंढके तिला हसायचे. बिभीषणही हसायचा आणि तिच्याशेजारी बसून गुपचूप दम खायचा.

एका हिवाळ्यात त्यानं दुसरी बायको करून आणली. चतुराबाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "कावून? माझं काय चुकलं?"

तिच्याकडं न बघता तो लोकांना म्हणाला,



"हिला चढण झेपत न्हाई. मेंढरांमागं धडधाकट बाई पायजे."