पेन्सिलची सही

माझे सासरे टिकाराम एकाहत्तरच्या लढाईत नौदलाच्या विमानवाहू जहाजावर फिटर होते. ज्यांचं विमान ते सांभाळायचे, ते वैमानिक साहेब यंदा वारले. साहेबांच्या मुलीनं पुण्याहून एक चित्र कुरिअरनं पाठवलं. फोनवर म्हणाली, "शेवटच्या आजारपणात बाबांनी टिकारामसाठी सही करून ठेवली होती." चित्रात जहाजावरून तेच विमान झेपावत होतं आणि खाली पांढऱ्या पट्टीत साहेबांची सही. आमचे बाबा, म्हणजे सासरे, सकाळपासून त्या चित्रासमोर बसून होते.

माझा नवरा नरेश भिलाईच्या प्लांटमध्ये स्टोअरला आहे. संशय घेतल्याशिवाय त्याला घास उतरत नाही.

"पेन्सिलनं कोन सही करते, बाबा? अशी पर्ची आली तर मी वापस करतो. ही सही मशीनवर छापलेली हाय. तुमाले येडं बनवून राहिले."

"साहेबाचाच हात हाय, बेटा."

"मंग चेक करू ना."

त्यानं आमच्या पोरीच्या कंपासमधून रबर काढलं. "अहो, राहू द्या," म्हणत मी उठेपर्यंत त्यानं खसाखसा घासलंसुद्धा. पट्टी कोरी झाली.

"पाहा, मिटली! म्हनलं होतं ना, नकली हाय?"

कागदावरचा रबराचा काळा चुरा बाबांनी बोटानं गोळा केला आणि मुठीत धरला.

मी नवऱ्याला एवढंच विचारलं, "अहो, छापलेली सही रबरनं मिटते का?"