बोटभर जाड रेघ

पडद्यावर शेकडो बारीक रेघा होत्या. एकच बोटभर जाड, आणि ती कृष्णनाथ शेटच्या नावापासून निघत होती.

डिचोलीच्या सभागृहात शेटच्या खाणीची पन्नाशी साजरी होत होती. सगळा गाव खाणीने वाटलेल्या टोप्या घालून बसलेला. पन्नास वर्षांचे कागद संगणकाला वाचायला द्यायचे आणि शब्दाला शब्द जोडून त्याने खाणीचं जाळं काढायचं, ही हौस शेटचीच. काम रेश्माकडे. कुठले कागद घालू, असं तिने दोनदा विचारलं होतं. सगळे घाल, जाळं मोठं दिसूं दे, असा हुकूम झाला होता.

संगणकाला कोण शेट आणि कोण मजूर, काय कळतंय! कागदांत कुठले शब्द पुन्हा पुन्हा जवळ येतात आणि त्यांच्यात कोण काय करतो, एवढंच तो बघतो. जितक्यांदा सापडेल, तितकी रेघ जाड. जाड रेघेच्या एका टोकाला 'कृष्णनाथ', दुसऱ्या टोकाला 'झर', आणि मधे 'बुजवली'.

हेच रेश्माचा बाप, गोकुळदास, जन्मभर अर्ज करकरून सांगत आला होता. खाणीची माती लोटून शेटने गावची पाण्याची झर बुजवली, असं गाऱ्हाणं त्याने देवळात घातलं, तेव्हा शेट समोरच बसला होता. गाऱ्हाण्याला सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. त्या दिवशी एकानेही तोंड उघडलं नाही. खोटारडा म्हणवून घेतच तो मेला.

शेट खुर्चीतून उठला.

"तुझ्या बापायचे खोटे अर्ज ते. पूस ती रेघ."

"बाबांचा एकही अर्ज घातला नाही, शेट. हे सगळे खाणीचेच कागद."

तिने रेघेवर टिचकी मारली. रेघेमागचे कागद उघडले. शेटचा कुणावर विश्वास नसे. ट्रकवाल्यांनाही तो हुकूम चिठ्ठीवरच द्यायचा, सहीनिशी, आणि नक्कल जपून ठेवायचा. झर बुजवायला आज वीस ट्रक माती. झर बुजवायला आज तीस. अशा दोनशे चिठ्ठ्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

शेट मटकन बसला. रेश्माला बरं वाटलं. फार बरं वाटलं. पण तेवढ्याने तिचं भागणार नव्हतं. तिने ध्वनिक्षेपक तोंडासमोर ओढला, बाप जसे जोडायचा तसे हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, कृष्णनाथ शेटान आमची झर बुजवली."

मग मागच्या रांगेत म्हातारा बाबली उठला. देवळात त्या दिवशी तो गोकुळदासच्या शेजारीच उभा होता. त्याने खाणीची टोपी काढून खुर्चीवर ठेवली.

"व्हय म्हाराजा."

टोप्या एकामागून एक उतरू लागल्या.