एइनोचं खोपटं

"खोपटं हलणार नाही," एइनो म्हणाला आणि घरच्या टेबलापाशी कपात कॉफी ओतू लागला.

ट्रॅव्हिस साहेब या थंडीतच तळ्याच्या राखणीवर आला होता. नियम त्याला पाठ होते. बर्फात भोकं पाडून मासे धरायची सगळी खोपटी मार्चच्या मध्यापर्यंत काठावर ओढून आणायची. सगळ्यांनी आणली होती. एप्रिल लागला तरी एइनोचं एकट्याचं हिरवं खोपटं तळ्याच्या मधोमध उभं होतं.

"आजोबा, बर्फ आतून ठिसूळ झालंय. खोपटं बुडालं तर मी तुम्हाला कोर्टात उभं करीन."

"कर की. बसायला खुर्ची देतात ना तिथं?"

शेजारची वर्ना भाजलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन आत आली. जानेवारीपासून गावातल्या बाया आळीपाळीने एइनोकडे जेवण पोचवत होत्या. साहेबाला याचाच राग. म्हाताऱ्याला सगळं गाव फूस लावतंय, असं त्याचं मत. तेवढं मात्र खरं होतं.

"तुमची बायको काही बोलत नाही तुम्हाला?" त्याने विचारलं.

"तिचाच तर हट्ट आहे," एइनो म्हणाला.

"मग मी समजावतो त्यांना."

"ती नाही ऐकायची, साहेब," वर्ना भांडं ठेवत म्हणाली. "आयलीनं एकदा मनावर घेतलं की झालं. आणि त्या जागेवर यांचा पोरगा गेलाय, बर्फ फुटून. सापडलाच नाही. दर थंडीत खोपटं तिथंच असतं. आता त्यांना कोण सांगणार, उचला म्हणून?"

साहेब जरा वरमला. पण नियम तो नियम. तो तडक गावातल्या डेल शेतकऱ्याच्या गोठ्यावर गेला. लांब दोर लावून ट्रॅक्टरनं काठावरूनच खोपटं ओढायचा त्याचा बेत होता.

"ट्रॅक्टर बिघडलाय," डेल म्हणाला.

"आत्ता तर चालू होता!"

"हो ना. तुम्हाला बघून लाजला."

साहेबानं शेजारच्या गावातून ट्रॅक्टर मागवला. दुसऱ्या दिवशी दुपारी येतो म्हणाले. पण सकाळपासूनच दक्षिणेचा वारा सुटला आणि बर्फ कण्हायला लागलं.

सगळं गाव काठावर जमलं. रविवार नव्हता, तरी बाप्यांनी कोट घातले होते. पाद्रीबुवाही आले. काय हे लोक, साहेबाच्या मनात आलं, सरकारची फजिती बघायला नटूनथटून आलेत!

खोपटं आधी एका अंगाला कललं. मग बर्फ फाटलं आणि ते सरळ खाली गेलं. सगळ्यांनी टोप्या काढल्या.

साहेबाचा तोल सुटला. "जिंकलात ना? खूष? एक रिकामं खोपटं बुडवून काय मिळवलंत तुम्ही?"

"रिकामं नव्हतं," पाद्रीबुवा म्हणाले.

"म्हणजे? आत कोण होतं?"

"आयली," एइनो म्हणाला.

साहेब धावलाच पाण्याकडे. एइनोनं त्याची बाही धरली. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

"घाई नको, साहेब. ती जानेवारीतच गेली. मूठमाती तेवढी राहिली होती."