आरशावरची वाफ

“आरशावर तोंडाने ‘हाऽऽ’ करा,” मी म्हणाले. अंगणवाडीतल्या पोरांनी केलं, आणि हातातले छोटे आरसे धूसर झाले. “बघितलंत? आपल्या श्वासातसुद्धा पाणी असतं.”

दाराजवळ हर्षलची आई बसली होती. हर्षल पावसाळ्यात तापाने गेला, तरी ती रोज त्याचं बसकर अंथरून शेजारी बसायची. आम्ही तिला अडवत नसू. खिचडीच्या वेळी आमच्या मदतनीस मालनबाई त्या बसकरापुढेही ताटली ठेवायच्या, रिकामीच. तेवढ्याने तिला बरं वाटायचं.

“बाई, त्यालाही आरसा द्या ना.”

तिचं मन मोडवेना. मी बसकरासमोर आरसा धरला. त्यात नुसती भिंत दिसत होती. मग मधोमध धुरकट ठिपका उमटला आणि हळूहळू रुपयाएवढा झाला.

“पुरे आता, बाकीच्यांनाही करू दे,” म्हणत आईने पदराने काच पुसली.

तेवढ्यात मालनबाई खिचडीचं पातेलं घेऊन आल्या आणि सवयीने त्यांनी बसकरापुढे रिकामी ताटली ठेवली.

मी आरसा खाली ठेवला आणि ती ताटली उचलून मालनबाईंपुढे धरली.

“मालनबाई, त्याला आधी वाढा,” मी कसंबसं म्हणाले. “इतके दिवस उपाशी बसलाय तो.”