पाणी हलेपर्यंत

डॉक्टरांनी दोन्ही कुप्या एकाच मुठीत धरून जोरात हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींतली लस सारखीच पांढुरकी, गढूळ दिसत होती. एकीवर लाल शाईची फुली होती. ती त्यांनी काल मुद्दाम गोठवली होती आणि आज वितळू दिली होती. दुसरी बर्फबाईंच्या पेटीतली, परवाच्या फेरीतून न उघडता परत आलेली.

अर्धा तास लागेल, डॉक्टर म्हणाले. फुलीवालीतला गाळ लवकर तळाला बसेल आणि वर नितळ पाणी राहील. ही लस एकदा गोठली की मेलीच. दुसरी कुपी गढूळ राहिली तर बाईंच्या पेटीत दोष नाही.

बर्फबाई समोर स्टुलावर बसल्या. गेली सात वर्षं वस्तीतल्या प्रत्येक मुलाला त्यांचीच सुई लागली होती. हे नावही मुलांनीच ठेवलेलं. पेटीत लशीभोवती रचायचे पाण्याचे चपटे डबे फ्रीझरमधून दगडासारखे निघतात. ते आधी बाहेर ठेवायचे, त्यांना घाम फुटून आतलं पाणी हलायला लागलं की मगच पेटीत घालायचे, असं बाईंना शिकवलेलं होतं. पण उन्हातली तासाभराची वाट, आणि पलीकडे खोळंबलेल्या आया. बाई डबे तसेच रचायच्या. लस गार हवी ना, मग आणखी गार झाली तर बिघडलं कुठे? त्यांच्या पेटीत हात घातला की बोटं बधिर व्हायची, आणि तपासणीला आलेले साहेब तेवढ्यावर खूश होऊन जायचे.

आतल्या खोलीत सहा वर्षांची एक मुलगी होती. बाई तिला वकीलबाई म्हणत, कारण उलटतपासणी झाल्याशिवाय ती दंड पुढे करत नसे. मागच्या खेपेला बाईंनी तिला समजावलं होतं, की आपल्या अंगात पहारेकरी असतात. त्यांनी चोर कधी पाहिलेला नसतो, म्हणून आपण त्यांना चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवायचा. मग खराखुरा चोर आला की ते त्याला दारातच बखोटीला धरतात.

"आणि फोटो पुसलेला निघाला तर?" वकीलबाईनं विचारलं होतं.

बाई तेव्हा हसल्या होत्या.

आता तिला घटसर्प झाला होता. घशात राखाडी पापुद्रा धरला होता, श्वास नळीवाटे चालला होता, आणि प्रश्न विचारायला आवाज नव्हता. वस्तीतली ती तिसरी. तिघांच्याही कार्डांवरच्या तारखा बाईंच्या अक्षरात होत्या.

मुलीची आई दारात आली. कडेवर दहा महिन्यांचं बाळ होतं. दोघं भावंडं एकाच पेल्यानं पाणी पितात, एका पांघरुणात निजतात, असं ती सांगू लागली. शेजारीण म्हणत होती, खोकल्यातून उडतं हे, बाळाला तुझ्या आईकडे पाठवून दे. हिनं तिला उडवून लावलं होतं.

"मी म्हटलं, त्याला बर्फबाईंनी टोचलंय. त्याला कशाची भीती? बरोबर ना, बाई?"

बाई कुप्यांकडे बघत होत्या. फुलीच्या कुपीत बारीक कण सुटून खाली यायला लागले होते.

"थोडं थांब," त्या म्हणाल्या. "इथेच बस. आत जाऊ नकोस."

आई बाकावर बसली. डॉक्टरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. बाळ दोनदा शिंकलं आणि दोन्ही वेळा बाईंनी मान वळवून पाहिलं.

अर्धा तास व्हायच्या आतच दोन्ही कुप्यांत तळाशी सारखाच थर बसला. वर सारखंच नितळ पाणी. फुली नसती, तर कोणती कुठली ते सांगता आलं नसतं.

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, की फ्रीजही कधीकधी जास्त गार होतो. अहवालात तसं लिहिता येईल. बाईंच्या निवृत्तीला चारच महिने राहिले होते.

"फ्रीज चांगला आहे," बाई म्हणाल्या. "घाई माझी."

त्या उठून बाकापाशी गेल्या.

"बाळाला तिच्यापासून लांब ठेव. मी त्याला टोचलं ते नुसतं पाणी होतं."

"पाणी?"

"पाण्यासारखंच. तिलाही तेच."

आई ओरडली नाही. तिनं बाळाची मांडी अंगठ्यानं चाचपली, सुई लागली होती त्या जागी.

"त्याला ताप आला होता की," ती म्हणाली. "मी म्हटलं, लागू पडलं."

डॉक्टरांनी बाळाला औषध लिहून दिलं. वस्तीतल्या दोनशे बारा मुलांना पुन्हा टोचायचं ठरलं, सुरुवात आजच. मोठ्या भांडारातून आलेली नवी लस फ्रीजमध्ये होती. बाईंनी फ्रीझर उघडला, चार डबे काढले आणि टेबलावर एकेक सुटा मांडला. डब्यांवर पांढरं हिम धरलं होतं. रिकामी पेटी शेजारी उघडी ठेवून त्या बसून राहिल्या.

बराच वेळ गेला.

"आता कशाची वाट बघताय?" आईनं विचारलं.

"यातलं पाणी हलायची."

बाईंनी एक डबा उचलला, कानाशी धरून हलवला आणि परत ठेवला. आई बाकावरून उठली. बाळ दुसऱ्या कडेवर घेऊन तिनं तोच डबा उचलला, स्वतःच्या कानाशी धरला आणि हलवून ऐकलं.

"अजून नाही," ती म्हणाली.