तुळईचं टोक

"वैनी, तिथनं उठा," रायगोंडा म्हणाला.

ब्राह्मी उठली नाही. तिने सासूकडे पाहिलं. वखारीच्या नव्या माळ्याखाली, तुळईचं टोक भिंतीत शिरतं बरोबर त्या जागी ती तंबाखूची पानं निवडत बसली होती. थोरल्या सुनेला वखारीची धूळ सोसत नाही, धाकटी सकाळपासून रुसलेली. म्हणून मधलीला बसवलं होतं.

"बस गं तू," चंपाबाई म्हणाल्या आणि लेकाकडे वळल्या. "तुला पुण्याला इंजिनेरी शिकाय धाडलं रं, का घरात भ्या घालाय?"

दारात गाड्या उभ्या होत्या, तंबाखूच्या बोदांनी, गोणपाटात शिवलेल्या गठ्ठ्यांनी, शिगोशीग भरलेल्या. जमिनीवर ठेवली की तंबाखू ओल धरते, म्हणून तर चंपाबाईंनी अख्ख्या निपाणीत कुणाचा नसेल असा माळा बांधून घेतला होता. तुळई गुंजीच्या रानातली, सागवानी, हातभर जाड. ती भिंतीतल्या जुन्या भोकात बसेना तेव्हा मष्णू सुतार म्हणाला, भोक वाढवू या. पण भोकाच्या खालीच पद्मावतीचा कोनाडा. "देवीच्या डोक्यावर छिन्नी चालवायची न्हाय. लाकूड तास," असं चंपाबाईंनी ठणकावलं. मष्णूने टोक खालून तासून निम्मं केलं, आणि तुळई कशी म्यानात तलवार गेल्यागत बसली.

आता हा दिवटा सुट्टीला आला होता आणि चुन्याच्या खड्याने वखारीच्या फरशीवर आकडे मांडून बसला होता.

"आव्वा, टोकाला कातरंल."

"टोकाला? लाकूड मधी वाकतंय रं. तुझा आजा खाटंवर बसला तवा खाट कुठं मोडली? मधीच न्हवं? हितं बघ की मधी कशी दगडावानी हाय!"

"मधी वाकंल, पण सोसंल. टोकाला वाकत न्हाय. पण सगळा भार तिथनंच भिंतीत उतरतोय, आणि तिथंच तुमी निम्मी करून ठेवलीया. ताण दुप्पट झाला. खाचेच्या कोपऱ्यात त्याच्याबी वर. किती, ते मलाबी सांगता येत न्हाय."

"वाकत न्हाय आणि तुटतंय?"

"व्हय."

चंपाबाईंनी शिडीपाशी उभ्या मष्णूकडे पाहिलं. मष्णूने छताकडे पाहिलं.

रायगोंडाने वहिनीच्या पुढ्यातली, पाणी मारून मऊ केलेली पानं उचलली, एकावर एक रचली आणि थराची दोन टोकं दोन तळव्यांवर धरली. "मधी दाब, आव्वा."

त्यांनी अंगठ्याने दाबलं. थर वाकला. टोकांशी पानं एकावरून एक घसरली, पायऱ्यांसारखी.

"बघितलंस? लाकडातबी असंच पदर असत्यात. पर त्ये चिकटलेलं. घसराय बघत्यात, जागा मिळत न्हाय. मग त्यो जोर आतच ऱ्हातोय. त्योच मोजलाय मी हितं फरशीवर. शिअर म्हणत्यात त्याला."

"ज्यादा कुठल्या पदरावर? वरच्या?"

"न्हाय. वरचा दबतोय, खालचा ताणतोय. मधला दबतबी न्हाय आणि ताणतबी न्हाय. त्याच्यावरच सगळ्यात ज्यादा."

पोराला ऊन लागलं असावं, असं चंपाबाईंना वाटलं. कुणाला काय दुखतंय ते तोंड बघून सांगणारी बाई ती. आणि ज्याला वरून दाब नाही, खालून ओढ नाही, त्यालाच सगळ्यात जास्त? तेही जिथं वाकतच नाही तिथं? त्यांनी पुन्हा फरशीकडे पाहिलं. आकडे तसेच बसून होते, उद्धटासारखे.

"बरं, टेकू दिला तर?"

"चालंल की. टोकाखाली."

टोकाखाली म्हणजे पद्मावतीच्या समोर.

"देवीच्या तोंडावर खांब ठोकू? तुझ्या गोऱ्या मास्तराला इचार जा, त्याच्या मडमेच्या तोंडावर ठोकून घेतोय का!"

दारातून गाडीवान ओरडला, "आक्का, बोद उतरायचं का बैलं सोडू?"

"उतरा! चढवा वर!"

हमाल पहिला बोद पाठीवर घेऊन शिडीला लागला. रायगोंडाने हातातला खडा टाकला आणि वहिनीच्या शेजारी, तुळईच्या टोकाखाली, मांडी घालून बसला.

"ऊठ."

"पडत न्हाय म्हणतीस न्हवं? मग बसू दे की."

"ऊठ म्हणते न्हवं तुला!"

"वैनीलाबी म्हण."

हमाल शिडीवर थबकला. चंपाबाईंना तुळई भक्कम दिसत होती, लेक खुळा दिसत होता. तरी तोंडातून भलतंच आलं. "उतर रं खाली! बोद घरात न्या. सोप्यात ठेवा, सैपाकघरात ठेवा, न्हाणीत ठेवा. मला इचारू नगा!"

गाड्या वळल्या. रायगोंडा त्यांच्यामागे गेला, मष्णूही सटकला. चंपाबाई फरशीवर उकिडव्या बसल्या. पानांचा तो थर त्यांनी उचलला, दोन्ही टोकं मुठीत गच्च आवळली, एकही पान घसरू दिलं नाही, आणि गुडघ्यावर वाकवला. पुन्हा वाकवला. मग मधलं पान अलगद ओढून काढलं आणि दाराच्या उजेडाला धरलं. शिरा जिथल्या तिथं. कड शाबूत.

"ह्याला तर काय बी झालेलं दिसत न्हाय," त्या पुटपुटल्या.

"दिसत न्हाय, आत्याबाई," तुळईखालून ब्राह्मी म्हणाली.